कवितेचे दृश्यरूप

कवितेचे दृश्यरूप म्हणजे ओळींची लांबी, त्यांतील खंड, मोकळी जागा व अक्षरांची मांडणी यांमुळे कागदावर सिद्ध होणारी कवितेची आकृती. प्रभावी ओळीचा ठसा केवळ तिच्या शब्दार्थावर नव्हे, तर ती कोठे थांबते यावरही अवलंबून असतो.

संस्कृत परंपरा

भारवीच्या किरातार्जुनीयाचा १५ वा आणि माघाच्या शिशुपालवधाचा १९ वा सर्ग चित्रबंधांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतील सर्वतोभद्र हा बंध ३२ अक्षरांचा असतो. त्याचे चारही चरण खाली उलट क्रमाने पुन्हा लिहिले की ६४ घरांचा चौरस तयार होतो आणि तो आडवा, उभा, उलटसुलट कसाही वाचला तरी तेच चरण हाती येतात. असे बंध वाचकाला थक्क करतात, पण त्याचे चित्त कोडे सोडविण्यातच गुंतून राहते. व्यंग्यार्थाविना केवळ चमत्कृतीवर उभ्या असलेल्या रचनेला मम्मटाने ‘चित्र’ म्हणून खालच्या प्रतीत टाकले, ते अकारण नव्हे.

मराठीतील ओळ

हस्तलिखित पोथ्यांत ओव्या बहुधा सलग लिहिलेल्या असत. चरण संपल्याचे यमकावरून कानाला कळे. छपाईत प्रत्येक चरणाला स्वतंत्र ओळ मिळू लागली. मुक्तछंदात तर ओळ कोठे तोडावी हे वृत्त सांगत नाही, त्यामुळे तो निर्णय अर्थाचाच भाग बनतो. मराठीत क्रियापद व नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात, म्हणून या निर्णयाला विशेष धार आहे. ‘तो परत आला नाही’ हे वाक्य सलग वाचल्यास ती केवळ वार्ता ठरते. ‘तो परत आला’ येथे ओळ संपवून ‘नाही’ खाली एकटे ठेवले, तर वाचकाला क्षणभर आशा मिळते आणि लगेच हिरावली जाते. मोठ्याने वाचणाऱ्याने तेथे विराम घेतला नाही, तर हा परिणाम ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आकृती आणि अर्थ

फ्रेंच कवी आपोलिनेर याच्या ‘कॅलिग्राम’ (१९१८) या संग्रहातील पावसाच्या कवितेत अक्षरे सरींसारखी तिरपी खाली उतरतात. आकृती ओळखण्यास एक दृष्टिक्षेप पुरतो. मात्र अक्षर अक्षर जुळवत वाचावे लागल्याने वाचनाची गती मंदावते, आणि कवितेची खरी करामत तीच आहे. देवनागरीत शिरोरेषा व मात्रा अक्षरांना बांधून ठेवतात, त्यामुळे अशी मांडणी जशीच्या तशी उतरविणे कठीण जाते.

अरुण कोलटकर हे जाहिरातक्षेत्रातील चित्रकार होते. ‘जेजुरी’ (१९७६) या त्यांच्या इंग्रजी संग्रहात, देऊळगाव सोडून स्थानकाकडे निघालेल्या प्रवाशाला ज्वारीच्या शेतात कोंबड्या नाचताना दिसतात. तेथे शब्दच पानावर वरखाली विखुरतात आणि वाचकाचा डोळाही उड्या मारू लागतो. हे नृत्य वर्णन करून सांगितले असते, तर ते इतके जिवंत झाले नसते.

भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ आपोआप दुमडते. तेव्हा कवीने न केलेला खंड वाचकाला कवीचाच वाटू शकतो.