आधी पाणी, मग मासा

क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानात 'रॅम' दिसला की नजर त्याच्यावरून हटत नाही. डोळ्यातून उभा उतरणारा काळा पट्टा, अंगावर निळ्या चमचमत्या ठिपक्यांची नक्षी, कपाळाला पिवळसर झाक. घरी नुकतीच लावलेली हिरवीगार प्लांटेड टाकी असते, जोडी लगेच पिशवीत बांधून घेतली जाते आणि बऱ्याचदा काही आठवड्यांतच दगावते. चूक माशाची नसते. १९४८ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा रामिरेझी, म्हणजेच रॅम, मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या लानोस या सपाट गवताळ मुलखातला. तिथलं पाणी मऊ आणि चांगलंच कोमट. त्याला २८ ते ३० अंश सेल्सियस मानवतं. टाकीत लावलेल्या नाजूक वनस्पतींना मात्र २४-२५ अंशच आवडतात, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी.

म्हणून रॅमसारखा ड्वार्फ, म्हणजे बुटका, सिक्लिड निवडताना रंगाच्या आधी थर्मामीटर पाहावा. रॅमच हवा असेल तर झाडंही त्याच्या बेताने लावावीत: अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, अनुबियास, क्रिप्टोकोरीन. ही उष्णता निभावून नेतात.

सिक्लिडचं कुळ अफाट आहे. आपल्याकडे सर्रास दिसणारा तिलापिया त्यातलाच, आणि केरळात करिमीन म्हणून तर गोव्यात कालुंदर म्हणून ताटात येणारा मासाही त्यातलाच. यातले बरेच मोठे सिक्लिड तळ उकरतात, झाडं मुळासकट उपटतात. ड्वार्फ म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरच्या आतले. ते झाडांच्या आडोशाने आपापली हद्द आखून राहतात, त्यामुळे दाट लावलेल्या टाकीत ते खऱ्या अर्थाने खुलतात.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याने अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुओइडीस घ्यावा. या वंशात नव्वदहून अधिक प्रजाती आहेत, सगळ्या दक्षिण अमेरिकेतल्या. हा त्यांतला सोशिक. मूळ पेरूच्या बाजूच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. २५-२६ अंश त्याला पुरतात, पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तरी तक्रार नसते. एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील तर तीन फुटी टाकी घ्यावी, दोन फुटीत एकच जोडी. तळाला बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. हे मासे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं गाळून उरलेली कल्ल्यांतून सोडतात. धारदार खडी त्यांना इजा करते.

नारळाच्या करवंटीला कडेला छोटं भोक पाडून ती पालथी ठेवली की मादी आत शिरते आणि छताला अंडी चिकटवते. एरवी फिकट दिसणारी ही मादी मग गडद पिवळी होते, अंगावर काळ्या खुणा उठतात आणि तिच्या दुप्पट वजनाच्या नरालाही ती दाराजवळ फिरकू देत नाही. पिल्लं बाहेर पडली की ती त्यांना घेऊन पानापानांतून चरायला निघते. धोका वाटला की ती अंगाला आणि परांना हलकासा झटका देते. त्याच क्षणी अख्खा थवा वाळूवर बसतो आणि दिसेनासा होतो. हे बघायला मिळावं म्हणून तरी टाकी लावावी.

या पिल्लांत नर किती आणि माद्या किती हे बऱ्याच अंशी तापमान ठरवतं. १९९६ मध्ये रोमर आणि बाइझेनहेर्त्स या जर्मन संशोधकांनी अनेक अ‍ॅपिस्टोग्रामा प्रजातींवर प्रयोग करून हे दाखवलं: पाणी उबदार असलं की नर जास्त, थंड असलं की माद्या जास्त.

आणखी दोन पर्याय आहेत. अ‍ॅपिस्टोग्रामा वंशातलाच बोरेली हा पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला छोटा, शांत मासा गारव्यात खूश असतो, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी पाणी गार राखावं लागेल. नायजेरियाचा क्रिबेन्सिस काटक, पण पिल्लं सांभाळताना शेजाऱ्यांना सळो की पळो करतो.

आता पाण्याचा कठीणपणा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांचं पाणी मिळतं; ते सहसा मऊ असतं, म्हणजे या माशांना मानवणारं. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्यात आरओचं पाणी मिसळावं लागतं. कार्बन डायऑक्साइड सोडला की पीएच उतरतो, पण क्षार होते तितकेच राहतात. पीएच उतरला म्हणजे पाणी मऊ झालं, असं समजू नये. क्लोरीन मात्र घालवलेलं हवं. मुंबई-कोकणात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या देशी बदामाची आपोआप गळलेली, वाळलेली पानं धुऊन तळाशी टाकली तर पाण्याला चहाचा रंग चढतो, आडोसा मिळतो आणि त्यांवर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं टिपून खातात. पानं मात्र फवारणी न झालेल्या झाडाची असावीत.

दुकानात मासा खातोय का ते दुकानदाराला चारा टाकायला लावून पाहावं. पोट खपाटीला गेलेला, कोपऱ्यात दबून बसलेला मासा नको. फुग्यासारखे गोल दिसणारे 'बलून रॅम' घेऊच नयेत. मुद्दाम आखूड केलेला तो कणा माशाचं पोहणं अवघड करतो. आणि इवलासा मासा वयाच्या मानाने फारच रंगीत दिसला, तर त्याला संप्रेरकं दिलेली नाहीत ना, हे विचारायला संकोचू नये.