चरित्रे, आठवणी आणि वर्गातील कथन

थोर स्त्रीपुरुषांच्या गोष्टी प्राथमिक शाळेत नित्य सांगितल्या जातात. ही हकीकत प्रथम कोणी सांगितली, आणि घटनेनंतर किती काळाने, याचा उल्लेख मात्र कथनात सहसा राहून जातो.

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम. नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म येथे इ. स. १६०८ मध्ये रामनवमीस झाला. 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची कथा या भागातील मुलांना बहुधा शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. समर्थांनी शके १६०३ मध्ये देह ठेवला. त्यांच्या आयुष्यातील पुष्कळ प्रसंग ज्या हनुमंतस्वामींच्या बखरीमुळे लोकांत रूढ झाले, ती बखर त्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. बखरकार संप्रदायातील, गुरूचे माहात्म्य वर्णन करणे हा त्याचा उघड हेतू. एवढ्यावरून कथा टाकून द्यावी असे नव्हे. 'असे परंपरा सांगते' एवढे शब्द तीस जोडले, की पुढे मोठेपणी इतिहास वाचताना त्या मुलास आपण फसविले गेलो असे वाटत नाही. मुले या शब्दांनी हिरमुसत नाहीत. उलट प्रश्न विचारू लागतात.

आठवणींचे तसे नाही. तेथे सांगणारा स्वतः साक्षी असतो. परंतु तो जेथे उभा होता तेथूनच त्याला दिसलेले असते. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांतून शिकविणारे शिक्षक. पुढे हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. त्यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नेत्याला लढा कसा दिसला हे त्यांतून कळते. त्याच दिवसांत परतूर किंवा अंबड भागातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी चूल कशी पेटत होती, हे त्या घरातील माणसानेच सांगावयाचे.

आणि अशी माणसे आता थोडी उरली आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. गावात असे आजोबा-आजी असतील तर वरच्या वर्गातील दोघा-तिघा मुलांनी शिक्षकांसह त्यांच्याकडे जावे. 'लढा कसा झाला?' या प्रश्नास पाठ्यपुस्तकातलेच उत्तर मिळते. 'त्या दिवशी आपण कोठे होता? घरात कोण कोण होते? दाणागोटा कोठे ठेवला होता?' असे विचारले की वृद्ध माणूस क्षणभर थांबतो आणि मग स्वतःचे सांगू लागतो. स्वतः पाहिलेले वहीच्या एका पानावर व इतरांकडून ऐकलेले समोरच्या पानावर, त्यांच्याच बोलीत उतरवावे. भाषा शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. सांगणाराचे वय व तारीख माथ्यावर असावी. नाव मात्र त्यांची संमती असेल तरच लिहावे, कारण त्या काळातील काही दुःखे अजून गावातल्या गावात जिवंत आहेत.