घरातील हिशेब, नक्षी आणि फोटो सांभाळणारी पेटी : स्वस्त ‘नॅस’ कशी निवडावी?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बहुतेकांचे दफ्तर आता वहीत राहिलेले नाही. टॅलीतील हिशेब, जीएसटीची बिले, भरतकामाच्या यंत्राची डिझाइने, गिऱ्हाइकाने पाठविलेले नमुने आणि घरच्या लग्नकार्याचे फोटो हे सर्व घरातील एका संगणकात व चार मोबाईलमध्ये विखुरलेले असते. त्यात जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. अशा वेळी संगणकाची हार्ड डिस्क बसली तर काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत १५ जीबीत मेल, फोटो आणि फायली सर्व बसवाव्या लागतात.

यावर एक उपाय म्हणून ‘नॅस’ नावाची पेटी बाजारात मिळते. ही पेटी म्हणजे पडदा आणि कीबोर्ड नसलेला एक छोटा संगणकच होय. तिच्या खणांत एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात. पेटी केबलने घरातील राउटरला जोडली, की घरातला कोणताही संगणक किंवा मोबाईल तिच्यात फायली ठेवू व काढू शकतो.

आधी माल मोजा

दुकानदार पहिला प्रश्न ‘किती टीबीची हवी?’ असा विचारतो, आणि गिऱ्हाईक गरजेपेक्षा मोठी डिस्क घेऊन बसते. खरे पाहता मोलाचा माल फार थोडी जागा घेतो. भरतकामाच्या यंत्राची डीएसटी फाईल घ्या. तिच्यात एका टाक्याला तीन बाइट लागतात. वीस हजार टाक्यांचे डिझाइन सुमारे ६० केबीचे झाले. अशी दहा हजार डिझाइने जमविली, म्हणजे एखाद्या पंचिंगवाल्याची अनेक वर्षांची कमाई, तरी ती ६०० एमबीच्या आसपास भरतील. टॅलीचा हिशेबही सहसा फार जागा खात नाही. जागा खातात ते व्हिडिओ. मोबाईलवरील एका मिनिटाचा फोर-के व्हिडिओ साधारणपणे दोनशे ते चारशे एमबीचा होतो. सामान्य घराला ४ टीबी पुष्कळ दिवस पुरते. लग्नाच्या व्हिडिओचा धंदा असेल तर मात्र हिशेब वेगळा करावा लागेल.

स्वस्तातले तीन मार्ग

अनेक राउटरना मागे यूएसबीचे भोक असते. त्यात बाहेरची डिस्क लावली की काम भागते. खर्च जवळजवळ नाहीच, परंतु वेग कमी, डिस्क एकच आणि ती बिघडल्याची सूचना देणारे कोणी नाही. फोटो पाहण्यापुरते हे ठीक आहे. हिशेबाची एकमेव प्रत अशा ठिकाणी ठेवू नये.

दुसरा मार्ग जुन्या संगणकाचा. त्यावर ओपनमीडियावॉल्ट किंवा ट्रूनॅस (२०२० पूर्वी हिचे नाव फ्रीनॅस होते) ही मोफत प्रणाली बसविता येते. घरात संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हा मार्ग उत्तम. पण वीजबिल विसरू नये. जुना संगणक ५० वॅट घेत असेल तर रात्रंदिवस चालून महिन्याला ३६ युनिट होतात. तयार दोन खणांची पेटी डिस्कसह १५ वॅटच्या आसपास चालते, म्हणजे सुमारे ११ युनिट. फुकटची वस्तू दर महिन्याला आपली किंमत वसूल करते.

तिसरा मार्ग सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर अशा कंपन्यांच्या तयार पेटीचा. आमच्या मते ज्याला धंद्यातून डोके वर काढायला सवड नाही, त्याने दोन खणांची साधी पेटीच घ्यावी. एका खणाची पेटी थोडी स्वस्त पडते, पण त्या बचतीला अर्थ नाही. चार खणांची पेटी घराला लागत नाही. जाहिरातीतील किंमत बहुधा रिकाम्या पेटीची असते, डिस्कचे पैसे वेगळे मोजावे लागतात, हे दर विचारतानाच स्पष्ट करून घ्यावे. त्या पेटीला कोणत्या डिस्क चालतात याची यादीही पाहावी. सिनॉलॉजीने २०२५ च्या आपल्या प्लस मालिकेतील नव्या पेट्यांवर दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कविषयी बंधने घातली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली.

डिस्कमध्ये खोट कोठे असते?

पेटीपेक्षा डिस्क निवडताना अधिक सावध राहिले पाहिजे, कारण येथे दिसायला सारखा माल आत वेगळा असतो. काही डिस्कमध्ये माहितीच्या रेषा घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. हिला एसएमआर पद्धत म्हणतात. यात थोड्या जागेत जास्त माल मावतो, परंतु एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात. एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर सर्व माल पुन्हा लिहिताना अशी डिस्क फार रेंगाळते, कधी पेटी तिला नापासही करते. वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे एप्रिल २०२० मध्ये, बोभाटा झाल्यावर, मान्य केले. त्यानंतर ‘रेड प्लस’ हे नाव सीएमआर, म्हणजे सुट्या रेषांच्या डिस्कसाठी आले. तेव्हा घेताना ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ मागावी. या दोहोंना ३ वर्षांची हमी असते. सीगेटच्या ‘बाराकुडा’ मालिकेतील बऱ्याच डिस्क एसएमआर असतात; त्या स्वस्त दिसल्या तरी या कामाला घेऊ नयेत.

वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून खपविण्याचा प्रकारही घडतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेटच्या अशा डिस्क उघडकीस आल्या. त्यांची तास मोजणारी नोंद पुसलेली होती. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि डिस्कवरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमीची तारीख त्याच दिवशी तपासावी. शक्य असल्यास दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्याव्यात. एकाच घाण्यातल्या असल्या तर दोन्ही एकदमच थकण्याचा संभव असतो.

जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे

दोन डिस्कवर तोच माल लिहिण्याच्या रचनेला रेड-१ म्हणतात (वरील ‘रेड’ डिस्कच्या नावाशी याचा संबंध नाही). एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढाच याचा उपयोग. चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस पेटीतील उघड्या फोल्डरलाही कुलूप लावतो. चोर पेटी उचलतो तेव्हा दोन्ही डिस्क घेऊन जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचे पाणी घरांत व दुकानांत शिरले, त्या पाण्यापुढे जोडीचा काय उपयोग?

म्हणून तिसरी प्रत घराबाहेर हवीच. येथे वरचा टाक्यांचा हिशेब कामी येतो. डिझाइने आणि हिशेब मिळून काही जीबीच भरत असल्याने त्यांच्यासाठी यूएसबीची लहान डिस्क पुरते. अशा दोन डिस्क घ्याव्यात. एक पेटीला लावून प्रत काढावी, दुसरी दुकानात किंवा भावाच्या घरी ठेवावी आणि दर जुम्म्याला अदलाबदल करावी. मोठी डिस्क घेण्याऐवजी पैसे येथे घालावेत.

टॅलीचा चालू हिशेब संगणकावरच ठेवावा. रात्री त्याची प्रत पेटीत जाईल अशी वेळ लावून द्यावी. पेटीत ‘स्नॅपशॉट’ची सोय आहे का, हेही घेण्यापूर्वी विचारावे. तिच्यामुळे कालची किंवा परवाची फाईल परत मिळविता येते.

जोडणी करताना

राउटरचे केबलचे भोक १०० एमबीपीएसचे की १००० चे, हे पाहावे. १ टीबी माल पहिल्यातून चढायला सुमारे २५ तास, दुसऱ्यातून अडीच तास लागतात. वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावी लहान यूपीएस घ्यावा आणि तो यूएसबीने पेटीला जोडता येणारा असावा, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी पेटी स्वतःहून रीतसर बंद होते.

बाहेरगावाहून फायली पाहता याव्यात म्हणून कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट’ उघडून देऊ लागला तर साफ नकार द्यावा. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या पेट्यांतील फायली पासवर्डबंद करून पैसे मागितले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या परस्पर कोऱ्या झाल्या. कंपनीने २०१५ पासूनच त्यांची दुरुस्ती थांबविलेली होती. जुनी पेटी स्वस्तात मिळत असेल तर तिला सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हे आधी विचारावे. बाहेरून पाहण्याची गरज खरोखर असेल तर व्हीपीएन वापरावे.

पेटी बसविणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर एक फाईल पुसावी आणि ती राखीव प्रतीतून परत आणून दाखवायला सांगावे.