काचेच्या टाकीला सांडवा

धरणाला सांडवा असतो हे तुम्हांला ठाऊक आहेच. पाणी ठराविक पातळीच्या वर चढू लागले की जास्तीचे पाणी सांडव्यावरून आपोआप निघून जाते. मासे ठेवण्याच्या काचेच्या टाकीलाही असाच सांडवा करता येतो. टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूस एक गोल भोक पाडतात. त्यात टँक निपल बसवून आतल्या बाजूला वर तोंड केलेला एल्बो लावतात. एल्बोच्या तोंडापर्यंत पाणी चढले की ते पाइपातून खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरते. तेथे ते स्पंजातून व खड्यांतून गाळले जाते आणि एक लहान पंप ते पुन्हा वर चढवतो. या खालच्या टाकीला इंग्रजीवरून ‘संप’ म्हणतात. कामगारांचा संप तो वेगळा! आपण तिला हौद म्हणू.

एवढा खटाटोप कशासाठी? स्थिर पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट साय जमते. सांडवा नेमका वरचा थर ओढून घेत असल्याने ती साय निघून जाते. शिवाय एकूण पाणी वाढते, त्यामुळे माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया अधिक पाण्यात पातळ होतो. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला होता. तेच समुद्राचे पाणी पंपाने वर चढवून सतत खेळते ठेवले जाई.

पण काचेला भोक पाडायचे कसे? लाकडाला गिरमिट लावले की त्याचा भुसा निघतो, लोखंडाचा कीस निघतो. काचेवर तसेच ड्रिल दाबले तर तिला तडा जातो. असे का व्हावे?

तडा कसा धावतो?

फरसाणाची प्लॅस्टिकची पिशवी मधोमध धरून ओढून पाहा. ती सहजी फाटत नाही. मग तिच्या कडेला कात्रीने छोटीशी खाच द्या. आता ती चटकन फाटते. ओढणारे बळ सगळ्या पिशवीवर वाटले न जाता खाचेच्या टोकाशी एकवटते, म्हणून असे होते.

काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक खाचा असतात. इंग्लंडमधील ॲलन ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखवून दिले की, काच तिच्या रेणूंमधील बंधांच्या हिशेबाने मजबूत असायला हवी त्यापेक्षा कितीतरी आधी फुटते, त्याचे कारण या खाचा होत. लोखंडात खाचेच्या टोकाशी ताण वाढला की धातू थोडासा वाकतो आणि टोक बोथट होते. काचेला वाकणे ठाऊक नाही. तिथला तडा धारदार राहतो आणि क्षणार्धात पलीकडे पोहोचतो.

म्हणून काच ‘कापायची’ नसते, ती कणाकणाने झिजवायची असते. यासाठी नळीसारखे पोकळ ड्रिल वापरतात. त्याच्या कडेवर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. कठीणपणाच्या मोस मापावर काच साधारण साडेपाच आणि हिरा १० वर आहे. प्रत्येक कणी काचेचा सूक्ष्म कण खरवडते आणि शेवटी मधली चकती सुटी होते. खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्यांना हिऱ्याची कणी लावलेल्या सामत्याने भोके पाडत आले आहेत, ते याच तत्त्वावर.

झिजवताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. काच उष्णतेची मंदवाहक आहे. भोकाजवळचा भाग तापून प्रसरण पावतो, बाजूचा थंडच राहतो, आणि उकळता चहा ओतलेल्या काचेच्या पेल्यासारखी गत होते. म्हणून भोकाच्या जागेभोवती शाडूच्या मातीचे कडे करून त्यात पाणी भरतात. पाण्याने काच थंड राहते आणि फुफ्फुसांना घातक असलेली काचेची धूळ हवेत उडत नाही. ड्रिल सावकाश फिरवायचे आणि भार जवळजवळ त्याच्या वजनापुरताच ठेवायचा. आरपार होण्याच्या वेळी तर तोही हलका करायचा, कारण शेवटचा पातळ पापुद्रा दाबाने तुटला तर मागच्या बाजूला कपचा उडतो आणि ती नवी खाच ठरते. काम झाल्यावर भोकाची कड ओल्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात.

आधी काच ओळखा

एका जातीच्या काचेला मात्र भोक पाडताच येत नाही. तिला टफन्ड काच म्हणतात. मोटारीच्या बाजूच्या खिडकीला ती असते. काच सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडले की पृष्ठभाग आधी घट्ट होतो आणि गाभा नंतर आकसतो. परिणामी पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. ड्रिल गाभ्यापर्यंत पोहोचले की संपूर्ण काचेचे एकाच वेळी तुकडे तुकडे होतात. म्हणून अशा काचेला भोक तापवण्यापूर्वीच पाडून घेतात.

काच कोणती हे तुम्ही प्रकाशाच्या साहाय्याने पाहू शकता. संगणकाच्या एलसीडी पडद्यावरून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. पडदा पांढरा करा, पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर फिरवून पडदा काळा दिसेल असा धरा, आणि पडदा व गॉगल यांच्यामध्ये काच आणा. टफन्ड काचेत फिकट पट्टे किंवा ठिपके उमटतात, कारण ताणाखालची काच ध्रुवणाची दिशा बदलते. शंका राहिली तर त्या काचेला हात लावू नये.

भोक कोठे?

पत्रा ओढला असता त्यातील लहान गोल भोकाच्या काठावरचा ताण एरवीच्या तिप्पट होतो. म्हणून भोक काचेच्या कडेपासून निदान स्वतःच्या व्यासाइतके दूर हवे, आणि पाण्याचा दाब कमी असतो तेथे, म्हणजे वर हवे. पाणी ४२ सेंटिमीटर उंच असेल आणि भोकाचा मध्य पाण्याखाली ६ सेंटिमीटरवर असेल, तर तेथील दाब तळाच्या दाबाच्या एक सप्तमांशच असतो.

वीज गेली तर?

समजा, टाकी १०० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४५ उंच आहे. तिच्यात १ सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे ४००० घनसेंटिमीटर, अर्थात ४ लिटर. पंप चालू असताना पाणी ४२ वर आणि एल्बोचे तोंड ४१ सेंटिमीटरवर आहे. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे १ सेंटिमीटर, म्हणजे ४ लिटर पाणी हौदात उतरते. येथवर काही बिघडले नाही.

परंतु पंपाचा पाइपही वरच्या टाकीला हौदाशी जोडतो. त्याचे तोंड तळापासून ५ सेंटिमीटरवर बुडालेले असेल, तर थांबलेल्या पंपातून पाणी उलटे वाहू लागते. ही वक्रनलिका होय. ती पाणी ४२ वरून ५ वर आणून ठेवील. ३७ गुणिले ४, म्हणजे १४८ लिटर! बहुतेक पाणी जमिनीवर, आणि मासे चार बोटे पाण्यात. उपाय एका छोट्या छिद्राचा आहे. त्या पाइपाला ४१ सेंटिमीटरच्या उंचीवर छिद्र ठेवले की पाणी तेथवर उतरताच हवा आत शिरते आणि प्रवाह तुटतो. हे छिद्र शेवाळाने बुजत नाही ना, हे मात्र वरचेवर पाहावे लागते.

उलट बाजूही तपासा. सांडव्यात पान किंवा गोगलगाय अडकली तर पंप हौदातील पाणी वर चढवतच राहील. टाकीत मोकळी जागा ३ सेंटिमीटर, म्हणजे १२ लिटरची. तेव्हा पंपाच्या कप्प्यात त्याहून कमी पाणी हवे, आणि एल्बोच्या तोंडाला जाळी हवी.

प्रत्यक्ष भोक पाडण्याचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या, कारण पाणी आणि विजेचे ड्रिल एकत्र येणे धोक्याचे असते. पण गणित तुम्ही करू शकता. तुमच्या किंवा शाळेच्या टाकीची लांबी व रुंदी मोजा, १ सेंटिमीटरला किती लिटर पडतात ते काढा, आणि वीज गेली असता हौदात किती जागा रिकामी असायला हवी ते कागदावर मांडा. कारागिराला बोलवायचे ते त्यानंतर.