शिंगराचा गुरु : गाढव

घोड्याच्या शिक्षणांत पाठीवर स्वार घेणें ही फार पुढची पायरी होय. तिच्या आधीं त्याला एक साधा धडा शिकावा लागतो. माणसानें दोर हातीं धरून चालावें आणि घोड्यानें ढिल्या दोरानें त्याच्याबरोबर यावें, हा तो धडा. ज्या जनावराला हें येत नाहीं, त्याच्या खुराला नालबंद हात लावूं शकत नाहीं. आजारांत त्याला पशुवैद्यापुढें उभें करतां येत नाहीं. आणि आग लागली किंवा पूर आला तर त्याला तबेल्याबाहेर काढणेंहि कठीण होतें.

मुळशीसारख्या मुलखांत या धड्याचें मोल विशेष आहे. १९२१ सालच्या सत्याग्रहामुळें मुळशीचें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचें झालें. घोड्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर हा पुणें जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगराळ व अतिवृष्टीचा प्रदेश आहे. त्याच्या कडेला ताम्हिणीसारख्या घाटांतून जमीन एकदम कोकणांत उतरते. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वीं सह्याद्रीच्या अशा वाटांनीं ओझ्याचीं जनावरें एकामागून एक चालत. पावसाळा सरल्यावर देशावरून कोकणांत उतरणाऱ्या कांहीं मेंढपाळ धनगरांचें बिऱ्हाड आजहि तट्टांच्या पाठीवर असतें, आणि त्यांच्या मागें त्यांचीं शिंगरेंहि असतात. एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास दरी असतां दोराला हिसडे देणारें शिंगरूं आपल्याबरोबर धन्यालाहि खालीं नेईल.

शिंगरूं दोराला विरोध कां करतें? त्याचें कारण त्याच्या खोडकरपणांत नसून जातीच्या स्वभावांत आहे. घोडा हा मोकळ्या माळावरचा प्राणी. संकट दिसतांच पळणें, हेंच त्याचें मुख्य संरक्षण. अंगावर एकाएकीं दाब आला, तर शिकविलें नसल्यास तो दाबाला वश होत नाहीं, उलट त्यालाच रेटूं पाहतो. म्हणून मानेमागें दोराचा ताण पडला, कीं शिंगरूं डोकें वर फेकतें, मागें ओढतें, प्रसंगीं दोन पायांवर उभें राहतें.

अशा वेळीं माणसाच्या हातून दोन प्रकारें बिघाड होतो. कोणी अधिक जोरानें ओढतो, आणि मग शिक्षणाऐवजीं रस्सीखेंच सुरू होते. वर्षभराच्या घोड्याचें वजन माणसाच्या कितीतरी पट असल्यामुळें त्या खेळाचा निकाल ठरलेलाच असतो. दुसरा कोणी भिऊन दोर सोडून देतो. त्यामुळें 'ओढलें कीं सुटका होते' एवढेंच शिंगरूं शिकतें. खरी रीत निराळी आहे. शिंगरानें अर्धें पाऊल पुढें टाकलें, कीं त्याच क्षणीं दोर ढिला व्हावयास पाहिजे. तो ढिलेपणा हेंच त्याचें बक्षीस. बक्षीस उशिरां मिळालें तर कशाबद्दल मिळालें तें त्याला कळत नाहीं. हें साधण्यास सावध हात आणि समतोल चित्त लागतें. परंतु माणसाचा हात थकतो, लक्ष उडतें आणि राग अनावर होतो.

आपल्याकडील शेतकरी नवा खोंड औताला लावतांना त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो. माणसाच्या आरडाओरड्यानें जें होत नाहीं, तें शेजारच्या शांत चालीनें होतें. याच जातीची एक युक्ति अमेरिकेच्या पश्चिमेकडील पशुपालकांनीं घोड्यांसाठीं योजिली. स्पेनच्या लोकांनीं त्या खंडांत नेलेल्या गाढवाला तेथें 'बरो' या स्पॅनिश नांवानें ओळखतात. शिंगराच्या म्होरकीचा आंखूड दोर गाढवाच्या गळपट्ट्याला जोडतात आणि दोघांना कुंपणाच्या आवारांत सोडतात. प्रदर्शनाला न्यावयाच्या वासरांनाहि तेथें अशाच रीतीनें चालावयास शिकवितात.

मराठी भाषेंत गाढवापुढें गीता वाचणें म्हणजे व्यर्थ श्रम. येथें मात्र गाढवच गुरुपीठावर बसतें. शिंगरूं उसळतें, ओढतें, फिरून पाहतें. गाढव पाय रोवून उभें राहतें. तहान लागली, कीं तें शांतपणें पाण्याकडे निघतें. दोर ताणला जातो. शिंगरूं नाइलाजानें एक पाऊल टाकतें, आणि दोर तत्क्षणीं सैल होतो. हा प्रसंग दिवसांतून अनेकदां घडतो. गाढव रागावत नाहीं, भिऊन दोर सोडीत नाहीं, आणि मनधरणीहि करीत नाहीं. थोड्याच दिवसांत शिंगरूं त्याच्या खांद्याशीं खांदा लावून चालूं लागतें.

गाढवाचा हा ठामपणा त्याच्या मूळ देशांतून आलेला आहे. आफ्रिकेंतील रानगाढव रुक्ष, खडकाळ प्रदेशांत विखुरलेलें राहतें. माणसानें त्याला सुमारें ७,००० वर्षांपूर्वीं तेथेंच माणसाळविलें. अशा भूमींत आंधळेपणानें पळणें घातक असतें; म्हणून शंका येतांच गाढव आधीं थांबतें आणि पाहतें. ज्याला लोक हट्ट म्हणतात, तो बहुतेक वेळां सावधपणा असतो. घाबरट शिंगराच्या शेजारीं न घाबरणारें जनावर बांधलेलें असणें, हाच या युक्तीचा गाभा होय.

मात्र ही युक्ति बेफिकिरीनें करण्याची नव्हे. गाढव प्रौढ, निरोगी व शांत असावें. त्याकामीं गाढवीण किंवा खच्ची केलेलें गाढव घ्यावें, वळू गाढव घेऊं नये. त्याचें बळ शिंगराला पुरून उरेल इतकें असावें. गळपट्टा रुंद व मऊ असावा. आवळत जाणारा फांस कधींहि घालूं नये. दोर पायांत अडकेल इतका लांब नसावा आणि त्याला गरगर फिरणारी कडी असावी. आवारांत तारा, खड्डे, झाडांचे बुंधे नसावेत. आईच्या अंगावर पिणाऱ्या कोंवळ्या शिंगराला असें बांधूं नये. त्याच्या मानेला कायमची इजा होण्याचें भय असतें. जोडी नजरेआड होऊं देऊं नये, आणि प्रसंगीं दोर कापण्यासाठीं धारदार चाकू जवळ ठेवावा.

आणखीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. गाढवाच्या फुप्फुसांत एक प्रकारचे कृमि असूं शकतात. त्यांचा गाढवाला फारसा त्रास दिसत नाहीं. पण तेच कुरणावाटे घोड्याला लागले, तर त्याला चिवट खोकला जडतो. म्हणून दोघांना एकत्र ठेवण्यापूर्वीं पशुवैद्याकडून गाढवाची तपासणी करून घ्यावी. गाढवालाहि मान आहे, तीहि सोलवटते. त्याला रोज विसांवा, पाणी व चारा मिळालाच पाहिजे.

शिवाय गाढव दोर शिकवितें, माणूस शिकवीत नाहीं. गाढवाबरोबर नीट चालणारें शिंगरूं अनोळखी हाताला बुजूं शकतें. त्यामुळें पुढचें काम अखेर धन्यालाच करावें लागतें. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांपासून घोडीच्या शेजारीं शिंगराला हळूहळू हात लावला, मागच्या अंगाला दोराचा हलका आधार देऊन आईमागें चार पावलें चालविलें, तर पुष्कळदां गाढवाची गरजच पडत नाहीं. तशा घरींहि गाढव दुसऱ्या कामीं येतें. आईपासून तोडलेल्या शिंगरांच्या सोबतीला एक शांत गाढव ठेवलें, कीं तीं लवकर स्थिरावतात.

महाराष्ट्रांत या दोन्ही प्राण्यांचा जुना संसार आहे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्याची नोंद २०२३ सालीं देशी जात म्हणून झाली. पौषी पौर्णिमेला जेजुरीस गाढवांचा बाजार भरत आला आहे. परंतु देशांतील गाढवांची संख्या २०१२ च्या पशुगणनेंत सुमारें ३ लाख २० हजार होती, ती २०१९ च्या गणनेंत सुमारें १ लाख २० हजारांवर आली. त्याच काळांत घोडे व तट्टें सुमारें ६ लाख २५ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर उतरलीं. विटा आणि वाळू वाहण्याचें काम यंत्रांनीं घेतल्यावर गाढव पोसणें अनेक कुटुंबांना परवडेनासें झालें. घोडे पाळणाऱ्यांनीं एखादें सालस गाढव पदरीं बाळगलें, तर त्यांच्या शिंगरांना सोबती व शिक्षक मिळेल, आणि ओझ्याखालून सुटलेल्या त्या प्राण्याला दोन वेळचा चाराहि मिळेल.