थोडक्या जागेत अनेक मत्स्यपेट्या

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद फार जुना नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली. आता राजहंसगडाच्या पायथ्याशी आमच्या येळ्ळुरातही एखाद्या घराच्या सोप्यात अशी पेटी ठेवता येते. पण ती एकच राहत नाही. लढाऊ माशाचे दोन नर एकत्र ठेवले, तर एकमेकांचे पंख फाडतात. गप्पीची मादी आपलीच पिले गिळते. बाजारातून आणलेला नवा मासा रोगी निघण्याचा संभव असल्याने त्यास दोन-तीन आठवडे वेगळेच ठेवावे लागते. अशा रीतीने एकीच्या तीन पेट्या होतात, आणि सोपा तर आहे तेवढाच राहतो!

प्रथम वजनाचा विचार करावा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत सुमारे ५० लिटर, म्हणजे ५० किलो पाणी मावते. काच व खडी धरून तिचे वजन ७० किलोपर्यंत जाते. अशा तीन पेट्या एकावर एक मांडल्या, की तांदळाच्या चार पोत्यांहून अधिक भार झाला. तो पुस्तकांच्या फळीला पेलणारा नव्हे. लोखंडी अँगलची मांडणी करून घ्यावी, ती भिंतीला पक्की जखडावी आणि जमीन मातीची असल्यास प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा द्यावा. पेटीखाली थर्माकोलचा पत्रा घातला, म्हणजे भार सारखा पसरतो व काच तडकत नाही.

चार फुटी मांडणीवर पेट्या लांबीने ठेवल्या तर एका फळीवर दोनच मावतात. अरुंद बाजू पुढे करून ठेवल्या तर चार. शोभा थोडी उणावते हे खरे, परंतु पिले वाढवणारास शोभेहून सोय मोठी. मात्र दोन फळ्यांमध्ये पेटीच्या वर फूटभर मोकळी जागा हवीच. हात व जाळी आत जाणार कशी?

आपला मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे आणि पौष-माघात येथील रात्री चांगल्याच गारठतात. ऊन हवा वर चढत असल्याने मांडणीची वरची फळी खालच्या फळीहून किंचित उबदार असते. म्हणून थंडी सोसणारा गोल्डफिश तळाशी व उबेचे लढाऊ मासे वर, हीच मांडणी आम्हांस योग्य वाटते.

प्रत्येक पेटीस निराळा हवेचा पंप घेण्याचे कारण नाही. एका दमदार पंपाची हवा नळीने वर नेऊन, तीस छोट्या तोट्या बसवून, सर्व पेट्यांतील स्पंजांना पुरवावी. पंप मात्र पाण्याच्या पातळीहून उंच टांगावा. तो खाली असला आणि लाईट गेली, तर पाणी नळीतून उलटे वाहत पंपात उतरते. विजेची वायर खोबणीपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, खोबणीत शिरत नाही. ही गोष्ट माशांच्याच नव्हे, घरातील लहान मुलांच्याही जिवाची आहे.

स्पंज नळाच्या पाण्याने कधी धुऊ नये. माशांच्या मलमूत्रातून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे सूक्ष्मजंतू त्यातच वाढतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. नवी पेटी मांडताना निरोगी माशांच्या पेटीतील एक मुरलेला स्पंज तीत सोडल्यास काम लवकर मार्गी लागते.

तरीही पेट्या किती असाव्यात हे जागेवरून ठरवू नये, बादल्यांवरून ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. वरील मापाच्या आठ पेट्यांना ते १०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ सात बादल्या होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते एक रात्र उघडे ठेवावे. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास तेही तसेच. पण वैशाखात विहीर तळाला गेली असता सात बादल्या आणावयाच्या कोणी? ते काम आईच्या डोक्यावर पडणार असेल, तर तीन पेट्या पुरेत. काढलेले पाणी गटारात न ओतता परड्यातील केळीस घालावे. तिला ते खताप्रमाणे मानवते.

पेट्या कमी करण्याची वेळ आली, तर मासे दुसऱ्या छंदिष्टास द्यावेत. ते बळ्ळारी नाल्यात किंवा गावच्या तळ्यात सोडू नयेत. पेट्यांसाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच सुटून भारतातील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. तो कोळ्यांची जाळी फाडतो, आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही.