अमरवेलीच्या जाती कशा ओळखाव्यात?

आरे वसाहतीतील रस्त्याने जाताना, अगर बोरिवलीच्या जंगलाच्या कडेस, बोरीच्या झुडपांवर शेवयांसारखे पिवळे जाळे पसरलेले पुष्कळांनी पाहिले असेल. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या बाजूंना दुरंत्याच्या कुंपणांवरही ते आढळते. या सर्वांस आपण सरसकट अमरवेल म्हणतो. परंतु या एका नावाखाली निरनिराळ्या वनस्पती मोडतात, आणि आपल्यापुढे कोणती आहे हे ठाऊक नसल्यास उपाय चुकतो.

प्रस्तुत लेखकास हे स्वतःच्या चुकीतून कळले. नोकरीच्या आरंभी गोराईच्या बाजूस एका बागायतदाराने लसूणघासाच्या वाफ्यातील पिवळे धागे दाखविले. कुंपणावरील अमरवेल नित्य पाहण्यात असल्याने तीच ही असे समजून, धागे ओढून बांधावर टाकावेत, असा सल्ला मी दिला. धाग्यांवर बारीक फुलांचे गुच्छ धरले होते, तिकडे लक्ष गेले नाही. बी बांधावरच पिकले, पाण्याबरोबर वाफ्यात उतरले, आणि पुढील हंगामात त्या गृहस्थांस तो तुकडा मोडून म्हशींसाठी चारा विकत आणावा लागला. "साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं," एवढेच ते म्हणाले.

कुंपणावरील अमरवेल म्हणजे बहुधा कुस्कुटा रिफ्लेक्सा. हिचे खोड चांगले जाड, हिरवट पिवळे असते. हिवाळ्यात पांढरी, घंटेसारखी, सुवासिक फुले येतात. ती सहा ते आठ मिलिमीटर लांब असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसतात. झाडाझुडपांवर ही वर्षानुवर्षे टिकते व तुटलेल्या तुकड्यांपासूनही वाढते. शेतातील अमरवेल, कुस्कुटा कॅम्पेस्ट्रिस, हिचे धागे दोऱ्यासारखे बारीक, पिवळे ते नारिंगी. फुले दोन-तीन मिलिमीटरची व दाट गुच्छांत येणारी.

तथापि केवळ रंग व जाडी यांवर विसंबू नये. ऊन व आश्रयवृक्ष यांप्रमाणे ती बदलतात. पाने नाहीत, जमिनीत मूळ नाही, तेव्हा ओळख पटवावयाची ती फुलावरूनच. भिंगाखाली फूल उकलून किंजल पाहावा. रिफ्लेक्साचा किंजल एकच व अगदी आखूड असतो. कॅम्पेस्ट्रिसचे किंजल दोन असून प्रत्येकाच्या टोकास टाचणीच्या डोक्यासारखा किंजल्क असतो. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ युंकर यांनी १९३२ साली या प्रजातीचे जे विभाग पाडले, ते याच खुणांवर. कॅम्पेस्ट्रिस हे नावही त्यांनी त्याच वर्षी दिले. त्यामुळे कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात ते सापडणार नाही.

खरी अडचण बारीक जातींमध्ये येते. कुस्कुटा चायनेन्सिसलाही दोन किंजल असतात. परंतु तिच्या निदलांच्या पाठीवर उंच कणा असतो, व वाळलेल्या पाकळ्या बोंडास सबंध वेढून राहतात. कॅम्पेस्ट्रिसमध्ये त्या बोंडाच्या बुडाशीच राहतात व वरचा भाग उघडा दिसतो. हायलिना या तिसऱ्या जातीत पुंकेसरांच्या तळाशी असणारे झालरीसारखे खवले नसतात. हे भेद सूक्ष्म आहेत खरे, पण सरावाने साधतात.

कोकणच्या वाळूच्या किनाऱ्यावर आणखी एक फसवी वेल भेटते, ती कॅसिथा. ती अमरवेलच नव्हे. अमरवेल रताळ्याच्या म्हणजे हरिणपदी कुलातील, तर कॅसिथा दालचिनीच्या तमाल कुलातील. हिला बोंड न येता एकबीजी, मांसल फळ येते. दोन अगदी दूरच्या कुळांनी सारखाच परोपजीवी वेष धारण करावा, हे नवलच.

आता उपायाकडे वळू. कुंपणावरील रिफ्लेक्सा असल्यास वेल गुंतलेल्या फांद्यांसह छाटावी व जाळावी; छाटलेले तुकडे दुसऱ्या झुडपावर पडू देऊ नयेत. शेतात मात्र खरा शत्रू बी होय. ते जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. उलट, उगवलेल्या रोपास दोन-तीन आठवड्यांत आश्रय न मिळाल्यास ते मरते. म्हणून फुले येण्यापूर्वीच वेल दिसेल तेथील पीक तिच्यासह, भोवतालच्या वीतभर पट्ट्यासकट, कापून जागीच जाळावे. उपद्रव फार असल्यास ज्वारी, मका अशी तृणधान्ये घ्यावीत. त्यांवर ती सहसा जगत नाही. अमरवेलीचे बी आलेला चारा जनावरांस घालू नये, कारण पोटातून गेलेले बी शेणखतातून पुन्हा शेतात येऊ शकते.

लसूणघासाचे बियाणे प्रमाणितच घ्यावे. त्यात अमरवेल हे आक्षेपार्ह तण मानलेले आहे. घरचे बी असल्यास मूठभर कागदावर पसरून पाहावे. लसूणघासाचे दाणे पिवळसर, गुळगुळीत, घेवड्याच्या आकाराचे. अमरवेलीचे त्याहून लहान, करडे तपकिरी व खरखरीत.

जात ओळखता न आल्यास फुले व पक्व बोंडे धरलेला वेलीचा तुकडा वर्तमानपत्रात दाबून वाळवावा, कोणत्या झाडावर मिळाला व केव्हा हे लिहावे, आणि जवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवावा. मुंबईकरांस सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय जवळचे आहे. नुसते धागे मात्र आणू नयेत; त्यांवरून नाव सांगता येत नाही.